जीप राहिली, बंदूक गेली

आमच्या खळ्यात निंबाच्या झाडाखाली एक जुनी मिलिटरीची जीप उभी असते. भुसावळकडून गावात शिरताना ती रस्त्यावरूनच दिसते. येणारा-जाणारा थांबतो, बोनेटवर हात फिरवतो. पहिला प्रश्न ॲव्हरेजचा असतो, दुसरा किमतीचा. "विकता का भो?" असं विचारणारेही बरेच येतात. या सगळ्यांची उत्तरं मला पाठ झाली आहेत. पण दोन वर्षांपूर्वी शाळेतली पोरं जीप पाहायला आली होती, तेव्हा पाचवीतल्या एका पोराने मागच्या भागात वाकून पाहिलं आणि विचारलं, "आजोबा, याच्यावरची बंदूक कुठी गेली?"

मी म्हटलं, "सरकारने ठेवून घेतली बेटा." पोरं हसली आणि पुढे गेली. पण तो प्रश्न माझ्याजवळच राहिला. मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस, केळी आणि कपाशीत जन्म गेला. इतिहास लिहायचा माझा अधिकार नाही. पण ही गाडी आमच्या दारात कशी आली आणि तिच्यावरचं हत्यार का आलं नाही, एवढं सांगता येईल. त्यात आमच्या भागाचाही थोडा इतिहास येतो.

भुसावळला मिलिटरी नवी नाही. गावाला लागून आयुध निर्माणी आहे, ती १९४९ सालची. दारूगोळा ठेवायच्या पेट्या, पिंपं असा माल तिथे तयार होतो. वरणगावची फॅक्टरी १९६४ सालची, चीनच्या लढाईनंतरची. तिथे बंदुकीच्या गोळ्या बनतात. २०२१ च्या ऑक्टोबरात सरकारने देशभरातल्या अशा कारखान्यांच्या सात कंपन्या केल्या. आता भुसावळचा कारखाना एका कंपनीत आणि वरणगावचा दुसऱ्या कंपनीत आहे. पण आमच्याकडे अजून कोणी कंपनी म्हणत नाही, फॅक्टरीच म्हणतात. "पोरगा फॅक्टरीत आहे" एवढं सांगितलं की पोरगी द्यायला लोक तयार असत.

माझे एक मामा वरणगावच्या फॅक्टरीत होते. आम्ही पोरं त्यांना विचारायचो, "मामा, एक तरी गोळी आणा ना." मामा म्हणायचे, "अरे, तिथी पितळेचा तुकडाबी मोजून घेता अन् मोजून देता. एक कमी भरला तर गेटावरून कोणी घरी जात नाही." जन्मभर लाखो गोळ्या त्यांच्या हाताखालून गेल्या, पण घरात शस्त्र म्हणून त्यांनी भाजी चिरायच्या विळ्याशिवाय काही ठेवलं नाही. आमच्याकडे मात्र एक हिरवी लोखंडी पेटी होती, भंगार बाजारातून आणलेली. आईने तिच्यात बियाणं ठेवलं. गोळ्यांसाठी केलेली पेटी, उंदीर काही शिरायचा नाही.

मिलिटरीची जीप मी पहिल्यांदा जवळून पाहिली ती १९७१ साली. मी अकरा वर्षांचा होतो. आमचं शेत रेल्वे लाइनीला लागून. भुसावळ मोठं जंक्शन, मुंबईहून येणारी लाइन इथे इटारसीकडे आणि नागपूरकडे फुटते. त्या हिवाळ्यात मिलिटरी स्पेशल गाड्यांची रांग लागली. सपाट डब्यांवर ट्रक, जीपा आणि ताडपत्रीखाली झाकलेलं काहीतरी लांबडं. रात्री कंदिलाला कागद गुंडाळायचो, उजेड बाहेर जाऊ नये म्हणून. सिग्नल नसला की गाडी आमच्या शेताजवळ थांबायची. मग बाबा केळीचे घड घेऊन धावायचे आणि आम्ही त्यांच्या मागे. जवान वरून हात पुढे करायचे. एक जवान जीपमध्येच बसून होता. त्याने केळ सोललं, साल माझ्याकडे फेकली आणि हसला. ती जीप माझ्या मनात बसली ती तिथून.

आता या गाडीची जन्मकथा सांगतो. अमेरिकेच्या सैन्याला १९४० मध्ये एक हलकी, चारी चाकं ओढणारी गाडी हवी होती. पहिली बँटम नावाच्या लहान कंपनीने करून दाखवली. पण एवढ्या गाड्या करायची त्या कंपनीची ताकद नव्हती, म्हणून काम विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांना मिळालं. नकाशा एकच, कारखाने दोन. १९४१ ते १९४५ मध्ये दोघांनी मिळून सहा लाखांवर जीपा काढल्या. वजन साधारण अकराशे किलो, इंजिन चार सिलेंडरचं, साठ घोड्यांचं. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली, म्हणजे तेल भरायचं तर ड्रायव्हरने आधी उठायचं. हेडलाइट बिजागरीवर बसवलेले. उलटे फिरवले की उजेड इंजिनावर पडतो, रात्री दुरुस्ती करता यावी म्हणून. ज्याने हे सुचवलं त्याने चिखलात, अंधारात गाडी दुरुस्त केलेली असणार असं मला नेहमी वाटतं.

यातल्या पुष्कळ जीपा ब्रह्मदेशच्या आघाडीसाठी हिंदुस्थानात आल्या. तिकडे जपान्यांशी लढताना रेल्वेची इंजिनं मिळेनात, तेव्हा जीपला रुळावर चालणारी लोखंडी चाकं लावली आणि तिच्याकडून मालाचे डबे ओढून घेतले. भुसावळच्या रेल्वेवाल्यांना हे सांगितलं की ते आधी हसतात आणि मग चाकाचं माप विचारतात. लढाई संपल्यावर अमेरिकेने इथला बराचसा माल परत नेला नाही. तो सरकारकडे आला आणि लिलावात निघाला. 'डिस्पोजलची जीप' हा शब्द तेव्हाचा. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईला माझगावात जीपचे सुटे भाग जोडायला सुरुवात केली आणि पुढे अख्खी गाडीच इथे होऊ लागली. कलेक्टरची जीप, बीडीओची जीप, निवडणुकीची जीप, नंतर वीस माणसं कोंबणारी काळी-पिवळी, या सगळ्या तिच्याच लेकी-नाती.

माझ्याकडची जीप मी १९८६ साली घेतली, रावेरकडच्या एका बागायतदाराकडून, चौदा हजारांत. त्यासाठी बायकोची पाटली मोडली. ती गोष्ट मी विसरलो तरी ती विसरलेली नाही. केळीचे घड बांधावरून रस्त्यापर्यंत आणायला बैलगाडी पुरायची नाही. पावसाळ्यात आमच्या काळ्या जमिनीत ट्रॉलीसुद्धा रुतायची. ही बया मात्र चारी चाकांनी खरवडत बाहेर यायची. मी ती हौसेसाठी घेतली नव्हती, कामासाठीच घेतली होती. आज लोक व्हिंटेज व्हिंटेज म्हणतात, तेव्हा तिला आम्ही खटारा म्हणायचो.

१९९० च्या सुमारास पेट्रोल परवडेना. भुसावळच्या एका मिस्त्रीने मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवून दिलं. मूळचं इंजिन मी गोठ्यात गोणपाटाखाली टाकलं. पैसे वाचले, पण गाडीची चाल गेली. डिझेल इंजिन जड, त्याने पुढचे पाटे बसले, गिअरबॉक्सचे दात दोनदा गेले. हलक्या माणसाच्या डोक्यावर सिमेंटची गोणी ठेवावी तसं झालं. बावीस वर्षं तशीच चालवली.

२०१२ मध्ये पोरगा शेती पाहायला लागला आणि मला थोडी उसंत मिळाली. तेव्हा ठरवलं की जीप जशी होती तशी करायची. रेल्वेतून रिटायर झालेले एक फिटर आमच्या गावात राहायला आले होते. त्यांना मी म्हटलं, "काका, जमंल का?" ते म्हणाले, "लोखंड आहे तोवर जमतं." मग दोन वर्षं आमच्या खळ्यात तेच चाललं.

गोठ्यातल्या इंजिनाचे पिस्टन गंजून चिकटले होते. सिलेंडरमध्ये रॉकेल आणि ऑइल ओतून पंधरा दिवस ठेवलं, रोज लाकडाच्या ठोकळ्यावरून हलक्या हाताने ठोकायचं. सोळाव्या दिवशी पिस्टन सुताएवढा हलला, तेव्हा आम्ही चहा मागवला. या इंजिनाचे व्हॉल्व्ह हेडमध्ये नसतात, बाजूला ब्लॉकमध्येच असतात. त्यामुळे हेड म्हणजे नुसतं झाकण. काकांना ही रचना फार आवडली. "बिघडायला वर काही ठेवलंच नाही," म्हणाले. टायरचं मात्र नशीब उघडलं. जीपच्या टायरचं माप सहा-सोळा, आणि आपल्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकालाही तेच माप चालतं. नक्षी वेगळी असते, पण गरजेला ट्रॅक्टरचं टायर चढवून मी गाडी हलवली आहे. मूळची वायरिंग सहा व्होल्टची. तशी बॅटरी मिळता मिळेना, म्हणून ती बारा व्होल्टवर नेली. काही भागांसाठी मुंबईच्या चोरबाजारात दोन खेपा झाल्या.

बोल्ट रॉकेलात धुताना एके दिवशी काकांनी मला हाक मारली. बोल्टच्या डोक्यावर इंग्रजी 'एफ' अक्षर उठवलेलं होतं. दुसऱ्यावर तेच, तिसऱ्यावर तेच. फोर्डने आपल्या जीपच्या बोल्टांवरसुद्धा आपलं अक्षर मारलं होतं. चासीचा पुढचा आडवा दांडा पाहिला, तो चौकोनी निघाला. विलीजचा तो दांडा गोल नळीचा असतो. सव्वीस वर्षं मी जिला विलीज विलीज म्हणत होतो, ती फोर्डची निघाली. बायको म्हणाली, "बरं झालं, निदान जीप तरी निघाली."

मग पाटा घासताना ती भोकं निघाली. पुढच्या दोन सीटांच्या मागे, मधोमध, पत्र्याचं एक ठिगळ वेल्डिंग केलेलं होतं. ते काढलं तर खाली चार भोकं, सारख्या अंतरावर आणि नीट कापलेली. गंजून पडलेली नाही, मुद्दाम पाडलेली. काका म्हणाले, "इथं काहीतरी उभं होतं."

काय उभं होतं ते सांगितलं आमच्या फौजी नानांनी. नाना आमच्या गल्लीतले, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे. पायदळातून हवालदार म्हणून रिटायर झालेले. माणूस कमी बोलायचा. त्यांनी भोकांवर वीत ठेवली आणि म्हणाले, "मशीनगनचा माउंट होता." एवढंच बोलून निघून गेले.

इथे आमच्या घरच्या बंदुकीची गोष्ट सांगायला हवी. आमच्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. पीक राखायला सरकार तसा परवाना द्यायचं. तापीच्या खोऱ्यातल्या घळीतून रात्री रानडुकरं यायची, एका रात्रीत एकरभर भुईमूग उलथवायची. आजोबा नळीत दारू ओतायचे, बोळा कोंबायचे, छर्रे टाकायचे, गजाने ठासायचे, मग टोपी बसवायची. एवढं होईपर्यंत डुकरं दुसऱ्याच्या वावरात गेलेली असायची. मग आजोबा हवेतच बार काढायचे. त्या बंदुकीने एकही डुक्कर मेलेलं मी पाहिलं नाही.

पण त्या बंदुकीचं एक पुस्तक होतं, तिचा परवाना. तो वेळेवर नवा करायचा. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की परत आणायची. आजोबा १९७८ साली गेले. परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराच्या नावाचा नाही. परवानेवाला गेला की वारसाने हत्यार जमा करायचं आणि ठेवायचं असेल तर आपल्या नावाने नवा अर्ज करायचा. बाबांनी बंदूक धोतराच्या जुन्या पानात गुंडाळली, सायकलला बांधली आणि जमा करून आले. अर्ज काही केला नाही. मी विचारलं तर म्हणाले, "वावरात आता मोटारीचा आवाज असतो, डुकरं त्यालेच भेता." आजोबांचा कंदील, विळा, पोथी सगळं घरात राहिलं. बंदूक तेवढी गेली.

हे आमच्या एका घराचं नाही, सगळ्या मुलखाचंच आहे. १८५७ च्या बंडात खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांच्या मागे सातपुड्यातले भिल्ल उठले. १८५८ च्या एप्रिलमध्ये अंबापाणीला इंग्रजांशी मोठी लढाई झाली. त्याच्या आधी १८२५ पासून इंग्रजांनी भिल्लांचीच एक पलटण उभी केली होती, धरणगाव तिचं ठाणं. म्हणजे एकाच मुलखात हत्यार कोणाच्या हातात द्यायचं आणि कोणाच्या हातातून काढून घ्यायचं, हे सरकार ठरवत होतं. १८७८ साली त्याचा कायदाच झाला आणि हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगता येईना. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला. मशीनगनसारखं आपोआप झडणारं हत्यार तर सामान्य माणसाला मिळतच नाही. २०१९ पासून परवान्यावरच्या बंदुकाही तीनाच्या दोनवर आल्या.

म्हणून मिलिटरीची गाडी लिलावात निघते तेव्हा तिच्यावरची हत्यारं काढून घेतलेली असतात. जबलपूरच्या कारखान्यात झालेली जोंगा, तिथलाच शक्तिमान ट्रक, या गाड्यांचं असंच. एकेका लॉटमध्ये पाच-दहा गाड्या निघतात, ठेकेदार घेतात आणि त्यांच्याकडून आपल्यासारखे घेतात. शक्तिमानची कोणी क्रेन केली, कोणी पाण्याचा टँकर केला. जोंगाचं पेट्रोल इंजिन काढून डिझेल घातलं. सैन्यातून आलेली गाडी आमच्याकडे येऊन बैल झाली.

रंगाचीही तीच गोष्ट. काकांनी जीपचा रंग खरवडला तेव्हा वर निळा, त्याखाली पांढरा आणि सगळ्यात खाली तो मूळचा मिलिटरी हिरवा निघाला. मी खूश झालो, म्हटलं हाच मारू. एका वकिलाने सांगितलं, तसं करू नका. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये, १२१ व्या नियमात स्पष्ट आहे की हा हिरवा रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. म्हणजे गाडी तिची, रंग तिचा, पण माझ्याकडे असेतोवर तिने तो अंगाला लावायचा नाही. मी राखाडी मारला. २०२१ साली पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेजचा नवा नियम आला. वीस हजार फी भरली की वेगळी नंबरप्लेट मिळते, पण मग ती गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही, प्रदर्शनाला आणि रॅलीला तेवढी काढायची. मी तो अर्ज केला नाही. माझी जीप अजून ठिबकच्या नळ्या वाहते.

बाहेरच्या देशांत वेगळं आहे. फ्रान्समध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दरवर्षी ६ जूनला हौशी लोक जुन्या जीपा घेऊन जमतात. बऱ्याच जीपांवर निकामी केलेल्या मशीनगना असतात, माणसं तेव्हाचे गणवेश घालून फिरतात. माझ्या पुतण्याने मोबाइलवर ते पाहिलं आणि त्याच्या डोक्यात शिरलं.

२०१४ च्या पंधरा ऑगस्टला गावात मिरवणूक होती. जीप नुकतीच तयार झालेली, तिचाच मान पहिला. फौजी नानांना पुढच्या सीटवर बसवायचं ठरलं होतं. पुतण्याने मला न सांगता रात्रीतून पीव्हीसी पाइपची मशीनगन केली, काळा रंग दिला आणि बरोब्बर त्याच चार भोकांत नटबोल्टने उभी केली. सकाळी पोरं तिच्याभोवती फोटो काढू लागली. मलाही, खरं सांगतो, बरं वाटलं. जीप एकदम पुरी वाटली.

नाना आले. छातीवर मेडल, कडक इस्त्री. जीपच्या डाव्या बाजूला आले, ती बंदूक पाहिली, आणि काही न बोलता वळून घरी गेले. मिरवणूक त्यांच्याशिवाय झाली. मला वाटलं, काही मानपानाचं झालं. दिवसभर चैन पडली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते स्वतःच खळ्यात आले. निंबाखाली बसले, आणि बेचाळीस-त्रेचाळीस वर्षं जे कोणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. १९७१ मध्ये नाना पश्चिमेच्या आघाडीवर होते. जीपवर बसवलेली तोफ असते, एकशे सहा मिलिमीटरची, तिच्या तुकडीत. १९६५ च्या लढाईत खेमकरणजवळ अब्दुल हमीद यांनी पाकिस्तानचे पॅटन रणगाडे फोडले ते याच जातीच्या तोफेने, जीपवरूनच. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. आम्ही ते शाळेत ऐकलं होतं. पण त्या जीपवर बसायचं म्हणजे काय, ते नानांनी सांगितलं.

"ती तोफ मागून आग ओकते," नाना म्हणाले. "गोळा पुढी जातो अन् जाळ मागी. मागी कोनी उभं राह्यलं तर तो संपला. अन् धुळीचा असा लोट उठतो का दोन कोसांवरून दिसतं, गोळा कुठून आला. म्हनून एक मारला का लगेच जागा सोडायची. जीपले चिलखत नाही, काही नाही. पळनं हेच तिचं चिलखत." मग थांबले. "आमी एक मारला. डायवरने स्टार्टर मारला. नाही लागली. दुसऱ्यांदा मारला. तिसऱ्यांदा लागली, पन तोवर त्यायनं आमाले पाह्यलं होतं."

ड्रायव्हर गेला. एकोणीस वर्षांचा पोरगा होता. नाना बाजूच्या खड्ड्यात फेकले गेले म्हणून वाचले.

मी काय बोलणार? पुतण्या तिथेच उभा होता. त्याने पाना आणला आणि चारही नट काढले. तो पाइप पुढे ठिबकच्या लाइनीत गेला, काळा रंग अजून त्याच्यावर आहे. नाना उठले आणि म्हणाले, "चालू करून दाखव." मी चावी लावली, पहिल्या झटक्याला इंजिन लागलं. नाना बोनेटवर हात ठेवून उभे राहिले. इंजिन गरम होईपर्यंत त्यांनी हात काढला नाही.

त्यानंतर ते रोज सकाळी यायचे. "लागते ना?" एवढंच विचारायचे. मी चालू करून दाखवायचो. काम असो नसो, पाच मिनिटं इंजिन चालायचं. पेट्रोलचा हिशेब बायकोनेही कधी विचारला नाही.

२०१६ च्या हिवाळ्यात मी त्यांना घेऊन नगरला गेलो, रणगाड्यांचं संग्रहालय पाहायला. १९९४ साली सुरू झालेलं, चिलखती दलाचं. पहिल्या महायुद्धाच्या काळातली रोल्स-रॉइसची चिलखती गाडी तिथे आहे. इंग्रजांचे मटिल्डा, चर्चिल, जपान्यांचा, रशियाचा, आपला विजयंता, असे पन्नासच्या आसपास रणगाडे उघड्यावर मांडलेले आहेत. मला वाटत होतं नाना माहिती सांगतील. ते पॅटनसमोर गेले, पोलादावर बोटाचं पेर टेकवलं, आणि म्हणाले, "एवढ्याच्या समोर आमची पत्र्याची जीप." मग सावलीत बसून आम्ही घरून नेलेलं वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकर खाल्ली. परत येताना ते एसटीत झोपले.

हत्यारं ठेवायची तर अशा जागी ठेवावीत, असं मला तेव्हापासून वाटतं. तिथे ती कोणाची नसतात आणि सगळ्यांची असतात. एका भंगारवाल्याने मला तोफेच्या गोळ्याचं रिकामं कवच देऊ केलं होतं, "जीपवर शोभेल" म्हणून. मी घेतलं नाही. रिकामं आहे हे सांगणारा तोच, आणि विकणाराही तोच. नगरजवळ खारे कर्जुने भागात मिलिटरीचं सरावाचं मैदान आहे. तिथलं भंगार वेचून पितळ काढताना न फुटलेला गोळा फुटून गरिबांची पोरं मेल्याच्या बातम्या आपण वाचतो. लोखंड किलोवर विकलं जातं, पण त्याच्या पोटात काय आहे ते वजनकाट्याला कळत नाही.

नाना २०२१ साली गेले. सरणाला लाकडं न्यायला मी जीप काढली. पहिल्या झटक्यालाच लागली.

ती चार भोकं मी बुजवली नाहीत. काकांनी ठिगळ परत लावू का म्हणून विचारलं होतं, मी नको म्हटलं. पावसाळ्यात आत पडलेलं पाणी त्यातून खाली निघून जातं आणि पाटा गंजत नाही.

त्या पाचवीतल्या पोराला मी अर्धंच उत्तर दिलं होतं. तो आता सातवीत आहे आणि अधूनमधून खळ्यात येतो. मागच्या आठवड्यात त्याने भोकात बोट घालून पाहिलं आणि पुन्हा तेच विचारलं. मी त्याला बंदुकीचं काही सांगितलं नाही. बाजूला बसवलं, चावी हातात दिली आणि म्हटलं, "आधी ही चालू करायला शिक. बाकीचं सांगतो."